मांडीवरचें गाणें

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या मातापित्यांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या सप्ताहांत आपण पुष्कळ मोठ्या गोष्टींचें स्मरण केलें. देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोठून आली, शाळेचे पहिले वर्ग कोणाच्या ओसरीवर भरले, हें सर्व आपण ऐकलें. आमच्या वांट्यास मात्र व्यवस्थापकांनीं एक लहानसा विषय दिला आहे. तान्हीं व लहान मुलें, घरांतलें गाणें, आणि त्या गाण्याबरोबर होणारी हातापायांची हालचाल, यांविषयीं चार शब्द बोलावे अशी त्यांची आज्ञा आहे. आम्ही या धर्मग्रामांत पुष्कळ वर्षें शाळामास्तर होतों आणि देवळांत गायकवृंदाची पेटीहि वाजवीत असूं. तेव्हां आम्हांस गाण्यांतलें कांहीं कळतें, असा त्यांचा समज झाला असावा. परंतु गायनमास्तर या नात्यानें आमच्या हातून एक चूक घडलेली आहे, आणि ती आधीं सांगितल्यावांचून आजच्या विषयावर तोंड उघडणें आम्हांस शोभणार नाहीं.

नाताळ जवळ आला होता. मुलांचा गायकवृंद बसवावयाचा होता. त्यांत आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती. मोठी हौशी पोर. सर्वांच्या आधीं येऊन उभी राहावयाची. पण तिचा आवाज पेटीच्या स्वरावर कांहीं केल्या बसेना. आम्हीं चार दिवस खटपट करून पाहिली, आणि पांचव्या दिवशीं तिला जवळ बोलावून हळूच सांगितलें, “बाळ, तूं नुसते ओंठ हालव.” तिला वृंदांतून काढली नाहीं, तिचा चारचौघांत पाणउतारा केला नाहीं, म्हणून आम्हीं मोठें दयेचें काम केलें असेंच आम्हांस वाटलें. ती पोर आज्ञाधारक होती. सलग तीन नाताळ ती पहिल्या रांगेंत, पांढरा झगा घालून, ओंठ हालवीत उभी राहिली.

पुढें तिचें लग्न झालें. मूल झालें. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशीं देवळाच्या आवारांत तें रडूं लागलें, तेव्हां आम्ही सहज म्हणालों, “अगं, म्हण कीं कांहीं तरी त्याच्यासाठीं!” ती हंसली आणि म्हणाली, “मास्तर, मला कुठं गातां येतं? तुम्हींच तर सांगितलं होतंत.” असें म्हणून तिनें पिशवींतून मोबाईल काढला, बाळाच्या डोळ्यांपुढें धरला, आणि बाळ गप्प झालें. तिच्या बोलण्यांत राग मुळींच नव्हता. राग असता तर आम्हांस बरें वाटलें असतें.

त्या घरीं तिची आजी गात असे, तिची आई गात असे. आमच्या चार शब्दांनीं ती परंपरा तेथें थांबली. आम्ही घरीं आलों, पण जेवण गेलें नाहीं. तेव्हांपासून जेथें जेथें तान्हें मूल दिसेल तेथें उभें राहून पाहण्याची आम्हांस संवय लागली आहे. आज जें सांगणार आहों तें बव्हंशीं असें पाहून शिकलेलें आहे. थोडें वाचलेलें आहे.

आपल्या घरांतला अगदीं पहिला गायनवर्ग कोठें भरतो? तो भरतो न्हाणीघरांत. म्हातारी पाटावर बसून पाय लांब करते, पोर पायांवर पालथें घालते, कोमट तेल तळहातावर चोळते, आणि पाठीवरून खालीं हात ओढूं लागते. मग पोर उताणें करावयाचें. उजवा हात डाव्या खांद्याकडे, डावा हात उजव्या खांद्याकडे, अशी हातांची घडी, मग पायांची, मग उजवा हात आणि डावा पाय यांची एकमेकांशीं भेट. प्रत्येक घडीला म्हातारीच्या तोंडीं कांहीं तरी असतें. पुष्कळदां त्याला अर्थहि नसतो. बाळाचें नांव असतें, मामाचें नांव असतें, मोठा होऊन घोड्यावर बसशील असा आशीर्वाद असतो, आणि शेवटच्या अक्षरावर गुडघा पोटाशीं येतो. हीच म्हातारी जर तुम्हीं गायकवृंदांत उभी केली तर तिला सूर सांपडेलच असें नाहीं. पण न्हाणीघरांत तिचा ताल कधीं चुकत नाहीं. ताल तिच्या हातांत असतो आणि हात पोराच्या अंगावर असतो. पोराला तो कानांनीं ऐकूं येतो आणि कातडीनेंहि कळतो.

त्यानंतर झोळी. तुळईला जुनें लुगडें बांधून केलेली झोळी ज्यानें पाहिली नाहीं असा मनुष्य या सभेंत क्वचितच असेल. झोळीला एकदां हात लागला कीं गाणें आपोआप तिच्या झोक्यावर बसतें. झोका लांबला तर गाण्यांतला शब्दहि लांबतो. मूल झोंपीं जाऊं लागलें म्हणजे झोका लहान होतो आणि आवाज खालीं येतो. हें कोणी कोणाला शिकवीत नाहीं.

मग मूल बसूं लागतें, आणि आजोबांची पाळी येते. आजोबा खाटेवर उताणे पडतात, गुडघे दुमडतात, पोराला नडग्यांवर बसवितात, आणि घोडा सुरू होतो. आधीं चालीचा, मग दुडक्या चालीचा, मग भरधांव. आणि शेवटीं घोडा बसकण मारतो. दुसरा एक खेळ तळहातावरचा. मुलाचा तळहात उघडून त्यावर बोट फिरवावयाचें, एकेक बोट मिटावयाचें, प्रत्येक बोटाचा घांस कोणाला तें सांगावयाचें, आणि मग दोन बोटांनीं मनगटावरून कोपरापर्यंत, कोपरावरून कांखेपर्यंत चालत जाऊन तेथें गुदगुली करावयाची. आठ महिन्यांचें मूल पहिल्या दिवशीं गुदगुली झाल्यावर हंसतें. आठ दिवसांनीं बोटें कोपराशीं पोंचलीं न पोंचलीं तोंच हंसूं लागतें. पुढें काय येणार हें त्याला कळलेलें असतें. आणि कळलेलें असूनहि तेंच त्याला पुन्हां हवें असतें. वाचनाची, गणिताची आणि प्रार्थनेचीहि पहिली पायरी आम्हांस येथेंच दिसते. शाळामास्तर आपल्याच धंद्याचे गोडवे गातो असें कोणाला वाटल्यास वाटो.

आतां थोडें वाचलेलें. गर्भांतल्या मुलाचे कान शेवटच्या तीन महिन्यांत काम करूं लागलेले असतात, आणि आईचा आवाज त्याला आंतून ऐकूं येतो. अमेरिकेंतील दोघां संशोधकांनीं १९८० सालीं दाखवून दिलें कीं, जन्मून पुरते तीन दिवसहि न झालेलीं बाळें परक्या बाईच्या आवाजाहून आपल्या आईचा आवाज ऐकण्यासाठीं अधिक धडपडतात. म्हणजे आपलें मूल आपल्या आवाजाची ओळख घेऊनच या जगांत येतें. तो आवाज गोड आहे कीं घोगरा आहे, याची चौकशी तें करीत नाहीं.

याहून नवलाची गोष्ट कॅनडा देशांतील हॅमिल्टन या शहरीं घडली. तेथील विद्यापीठांत २००५ सालीं सात महिन्यांच्या मुलांवर एक प्रयोग झाला. सर्वांना एकच ठेका ऐकविला. त्यांत कोणत्याहि ठोक्यावर जोर नव्हता, सर्व ठोके सारखे. मात्र तो ऐकवितांना कांहीं मुलांना दर दुसऱ्या ठोक्याला मांडीवर उडविलें आणि कांहींना दर तिसऱ्या ठोक्याला. मागाहून तोच ठेका दोन्ही तऱ्हांनीं जोर देऊन वाजविला, तेव्हां प्रत्येक मूल ज्या तऱ्हेनें स्वतः उडालें होतें तीच तऱ्हा अधिक वेळ ऐकत राहिलें. डोळे बांधले तरी हेंच झालें. परंतु ज्या मुलांना उडविलें नाहीं, ज्यांनीं दुसऱ्या मनुष्यास उडतांना नुसतें पाहिलें, त्यांच्यावर तसा परिणाम दिसला नाहीं. बंधुभगिनींनो, ज्या घरांत मूल मोबाईलपुढें बसवून ‘गाणीं ऐकतें आहे’ असें आपण म्हणतों, त्या घरीं हा प्रयोग आठवावा. मुलाचें अंग हललें पाहिजे, आणि तें कोणाच्या तरी अंगाला लागून हललें तर सर्वांत उत्तम.

त्याच विद्यापीठांत २०१४ सालीं आणखी एक प्रयोग झाला. चौदा महिन्यांच्या मुलांना समोरच्या मनुष्याच्या तालाबरोबर उडविलें, तर कांहींना तालाला सोडून. त्यानंतर त्या समोरच्या मनुष्याच्या हातून वस्तू खालीं पडल्या. ज्या मुलांचा त्याच्याशीं ताल जमला होता त्यांनीं त्या उचलून देण्यास अधिक वेळां मदत केली. चौदा महिन्यांचें मूल तें! त्याला परोपकार हा शब्द ठाऊक नाहीं. पण ज्याच्याबरोबर आपण एका तालांत हाललों तो आपला, एवढें त्याला कळतें. ज्या घरांत भाऊ भावाशीं बांधाच्या वादांत बोलत नाहीं, त्या घरच्या मंडळींनीं यावर घरीं जाऊन विचार करावा. आम्ही अधिक बोलत नाहीं.

मोबाईलविषयीं आम्ही फार रागानें बोलतों असा आमच्या नातवंडांचा आरोप आहे. त्यांत तथ्य आहे, म्हणून नीट विचार करून बोलतों. मोबाईलमधलें गाणें सुरेल असतें. आमच्या पेटीहून सुरेल असतें. दूरदेशीं नोकरीस असलेला बाप त्यावरून मुलाला तोंड दाखवून गातो, तेव्हां आम्ही त्या यंत्राला आशीर्वादच देतों. त्याची खोड दुसरीच आहे: तें मुलासाठीं थांबत नाहीं. आजी गाण्याच्या शेवटच्या शब्दापाशीं येऊन मुद्दाम थांबते, भुंवया वर करते, आणि दीड वर्षाचें पोर तो शब्द बोबड्या वाणीनें पुरा करतें. पोराला जोर चढला तर आजी लय वाढविते. पोर डोळे चोळूं लागलें तर उतरविते. तें पोर त्या वेळीं गाणें ऐकत नसतें, आजीबरोबर गाणें करीत असतें. यंत्र पुढें पळतें, आणि मूल त्याच्यामागें नुसतें पाहात राहातें. आमच्या त्या विद्यार्थिनीचें बाळ देवळाच्या आवारांत गप्प झालें तें असें. तें शांत झालें नव्हतें. बघत बसलें होतें.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं पांच वर्षांखालील मुलांविषयीं जे नियम सांगितले, तेहि याच बाजूचे आहेत. एक वर्षापासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाची दिवसभरांत मिळून निदान १८० मिनिटें हालचाल व्हावी, तान्ह्या मुलाला जागेपणीं एकूण निदान अर्धा तास पालथें खेळूं द्यावें, पहिल्या वर्षांत पडदा मुळींच दाखवूं नये, आणि दोन वर्षांनंतरहि दिवसास एक तासाहून अधिक दाखवूं नये. आपल्या वाड्यांत जेव्हां राहाट चालत, अंगणांत भात वाळत असे, आणि मुलें दिवसभर केळींच्या वाफ्यांतून पळत, तेव्हां हे १८० मिनिट कोणी मोजले नाहींत. आतां घरापुढचें अंगण गेलें, तेथें गाडी उभी असते. म्हणून आतां मोजावे लागतात.

आपल्या धर्माचा आणि या विषयाचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध फार जुना आहे. मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले. येथील नव्या ख्रिस्ती लोकांनीं आपल्या भाषेंत, आपल्या पुराणांसारखें कांहीं हवें म्हणून मागणी केली, तेव्हां त्यांनीं ‘क्रिस्तपुराण’ रचलें. तें १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ. परक्या देशाहून आलेला हा साधु कोणता छंद निवडतो? ओवी! जी या देशांतल्या आया जात्यावर बसून म्हणत, आणि जिच्या लयीवर मांडीवरचीं मुलें झोंपत. आईच्या मांडीवर मिळालेल्या लयींतून प्रभूचें चरित्र लोकांच्या कानीं पडलें, आणि पुढें तें देवळांतून गाइलें गेलें. आम्हांस तर वाटतें, त्या अकरा हजार ओव्या समजण्याची तयारी फादर स्टीफन्स येण्यापूर्वींच घरोघरीं जात्यावर झाली होती.

संत अगुस्तीनची गोष्ट आपण धर्मशिक्षणाच्या वर्गांत ऐकली आहे. तरीहि तिच्यांतली एक बाब आपल्या ध्यानांतून सुटते. ३८६ सालीं मिलान शहरांतील एका बागेंत तो मनाच्या ओढाताणीनें रडत बसला असतां शेजारच्या घरांतून एका मुलाचा आवाज त्याच्या कानीं आला. मुलगा होता कीं मुलगी, हें त्याला सांगतां येत नाहीं. तें मूल एकच चरण पुनःपुन्हां गात होतें, उचलून वाच असा त्याचा अर्थ. अगुस्तीन प्रथम काय करतो? मुलांच्या कोणत्या खेळांत हे शब्द येतात, तें आठवूं लागतो! आठवेना, तेव्हां त्यानें ती देवाची आज्ञा मानली आणि संत पौलाचें पुस्तक उघडलें. पुढच्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. इतका मोठा पंडित, पण त्याची समजूत अशी कीं मुलें गातात तीं कोणत्या तरी खेळासाठींच गातात. गाणें आणि खेळ यांची फारकत त्याला ठाऊक नव्हती. आणि शेजारच्या त्या घरांत कोणी त्या मुलाला गप्प बस म्हणून दटावलें नाहीं, हें आपलें भाग्य.

राजा दावीद कराराच्या कोशापुढें सर्व बळानें नाचला, आणि राणी मीखल खिडकींतून पाहून मनांत त्याला हंसली. हें शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकांत आहे. आपल्यांतहि एक मीखल बसलेली असते. सायंकाळीं जपमाळ चालू असतां दोन वर्षांचें पोर तालावर डुलूं लागलें, टाळ्या वाजवूं लागलें, कीं तिचे डोळे मोठे होतात. आम्ही असें म्हणत नाहीं कीं प्रार्थनेच्या वेळीं मुलांनीं धुडगूस घालावा. पण डुलणें म्हणजे धुडगूस नव्हे. मातेच्या लितानीचेंच पाहा. एकानें मातेचें एकेक नांव घ्यावें आणि घरानें दर वेळीं तेंच लहानसें उत्तर द्यावें, ही रचना झोळीच्या झोक्यासारखी आहे. बोलूं न लागलेलें मूलहि चौथ्या-पांचव्या नांवापासून त्या उत्तरावर मान हालवूं लागतें. त्याला ती मान हालवूं द्यावी. क्रुसाची खूण तरी काय आहे? आई मांडीवरच्या मुलाचा चिमुकला हात आपल्या हातांत धरून कपाळाला, उराला, एका खांद्याला, दुसऱ्या खांद्याला लावते. आपल्या श्रद्धेचा पहिला पाठ अंगानेंच शिकविला जातो. गुडघे टेकणें, झावळ्यांच्या रविवारीं झावळी हालवीत चालणें, मिरवणुकींत मेणबत्ती सांभाळीत पाऊल टाकणें, हें सर्व मूल अंगानें शिकतें, आणि कान व बुद्धि मागाहून येतात.

रोमहून १९७३ सालीं मुलांसह होणाऱ्या मिस्सांसाठीं जी मार्गदर्शिका निघाली, तींतहि मुलांच्या गाण्याला मोठें महत्त्व दिलें आहे. आणि या वयाला हालचाल व हावभाव हे स्वाभाविक आहेत म्हणून त्यांना उपासनेंत स्थान द्यावें असें सांगितलें आहे. अगदीं लहानांना वाटल्यास वेगळ्या जागीं सांभाळावें आणि शेवटीं आशीर्वादासाठीं देवळांत आणावें, अशी समजूतदार सोयहि तींत आहे. ही मार्गदर्शिका निघाल्यानंतर पुष्कळ वर्षांनीं आम्हीं त्या मुलीला ओंठ हालवावयास सांगितलें. म्हणजे न वाचल्याची सबबहि आम्हांस नाहीं.

आतां घरच्या अडचणी. पहिली अडचण वेळेची. आपल्यांतल्या पुष्कळ आया पहांटेच्या लोकलनें मुंबईस जातात आणि दिवेलागणीनंतर परततात. त्यांना आम्ही म्हणूं कीं रोज अर्धा तास मुलाबरोबर गात बसा, तर त्या मनांत आम्हांस शिव्या देतील, आणि तें बरोबर होईल. निराळा वेळ काढूंच नये. जें करावेंच लागतें त्यालाच गाण्याची जोड द्यावी. वेणी घालतांना तीन पेडांचा ताल असतो. मटार सोलतांना दाणे ताटांत पडतात, त्यांचा नाद असतो. शाळेच्या गाडीपर्यंत चालतांना चार पावलें मोठीं, चार लहान, अशी चाल धरतां येते. वीज गेली तर फारच उत्तम. एका घरीं आम्हीं पाहिलें, आई सदऱ्याचीं बटणें लावतांना एकेका बटणावर घरांतल्या एकेका माणसाचें नांव गात असे, आणि सर्वांत खालचें बटण कुत्र्याचें होतें. त्या पोराला सदरा घालण्यासाठीं घरभर धरावें लागत नसे.

दुसरी अडचण बापांची. गाणें हें बायकांचें काम, असें मानणारे पुष्कळ आहेत. लग्नाच्या मांडवांत हेच सर्वांत पुढें नाचतात, घरीं मात्र मुलापुढें तोंड मिटून बसतात. मुलाला बापाचा जाड आवाज छातीला कान लावून ऐकणें फार आवडतें. तो आवाज त्याला हाडांतून ऐकूं येतो. बापांनीं दुसरें कांहीं करूं नये, रात्रीं मूल खांद्यावर घेऊन ओटीवर येरझारा घालाव्या आणि हुंकारावें. शब्द येत नसले तरी चालेल.

भाषेविषयीं एक शब्द. मुलें इंग्रजी शाळेंत जातात, तेथें बर्फाचीं आणि मेंढरांचीं गाणीं शिकतात, शिकोत बापडीं. परंतु कुपारी, वाडवळ, कोळी, आगरी अशा आपल्या घरांतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडीं त्या त्या बोलीचीं जीं गाणीं आहेत, लग्नाचे तांदूळ निवडतांना म्हणावयाचीं, पोर निजवितांना म्हणावयाचीं, तीं कोठल्याहि शाळेंत मिळणार नाहींत. पुष्कळ ठिकाणीं तीं कोणी लिहून घेतलेलींहि नाहींत. म्हातारीला उगीच ‘आजी, गा’ म्हटलें तर ती लाजते. तिच्या मांडीवर पोर ठेवावें आणि आपण स्वयंपाकघरांत जावें. दाराआडून ऐकूं येईल.

जपून राहण्याच्या दोन गोष्टी सांगतों. मान धरूं न लागलेल्या बाळाला झुलवितांना त्याच्या डोक्याखालीं हात हवाच, आणि कोणत्याहि तान्ह्याला रागानें किंवा लाडानें गदगदां हालवूं नये. त्यानें मेंदूला इजा होते व प्राणहि जातो. दुसरी गोष्ट मांडवांतल्या कर्ण्यांची. पूर्वीं आपल्या लग्नांत वाजंत्री असत. त्यांच्या ढोलाजवळहि लोक तान्हें मूल नेत नसत. आतां भिंतीएवढे कर्णे लावतात आणि त्यांच्या पुढ्यांत खुर्ची टाकून बाळंतीण बसवितात. अशा आवाजानें गेलेली श्रवणशक्ति परत येत नाहीं. याविषयीं धर्मगुरूंनीं व पंचायतीनें कांहीं करावें अशी आमची स्पष्ट मागणी आहे. वरपक्षाला राग आला तरी चालेल.

राहिली आवाजाची अडचण, आणि तेथें आम्ही पुन्हां आमच्या चुकीपाशीं येतों. बाप्तिस्म्यानंतर दोन आठवड्यांनीं आम्ही त्या मुलीच्या घरीं गेलों. तिच्यासमोर, तिच्या सासूसमोर, आम्हीं सांगितलें कीं तेव्हां आमचें चुकलें. तुझा आवाज वाईट नव्हता, आम्हांस शिकवितां आलें नाहीं. ती कांहीं वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पण मास्तर, आतां मला एकहि गाणं येत नाहीं. ओंठ हालवायचे म्हणून शब्दसुद्धां पाठ केले नव्हते मीं.” याला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. तिच्या सासूजवळ होतें. ती म्हणाली, “लितानी येते ना तुला? तीच म्हण झोळीपाशीं.” त्या रात्रीपासून तिनें तसें सुरू केलें. पहिले कांहीं दिवस ती पुटपुटत असे. मग सासू न्हाणीघरांतलीं बोलणीं शिकवूं लागली. सूर अजूनहि पेटीवर बसत नाहीं, हें आम्हीं रस्त्यावरून जातां जातां ऐकलें आहे. मुलाला त्याची खबर नाहीं. तें आतां चालूं लागलें आहे. आईनें तोंड उघडलें कीं तें हातांतलें टाकून येतें आणि तिच्या गुडघ्यांना धरून उड्या मारूं लागतें.

ती आज या सभेंत बसलेली आहे. ही गोष्ट सांगण्याची परवानगी तिनें दिली, पण एका अटीवर: आजच्या दिवशीं सभागृहांत पेटी आणावयाची नाहीं. ती अट आम्हीं पाळली आहे. पेटी देवळांत आहे, तिला कुलूप आहे, आणि किल्ली फादरांपाशीं आहे.

मागच्या बाजूला चटया अंथरल्या आहेत. ज्यांच्या मांडीवर मूल आहे त्यांनीं भिंतीला टेकून, पाय लांब करून पुढें बसावें. आजीबाईंनीं सुरुवात करण्यासाठीं कोणाच्या सांगण्याची वाट पाहूं नये. बापांनीं दारांत उभें राहूं नये, आंत यावें.